आपलाच आवाज

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही स्वतःचा आवाज कधी ऐकला आहे का? तुम्ही म्हणाल, "सर, हा काय प्रश्न झाला? रोजच ऐकतो." पण इतरांना ऐकू येतो तो तुमचा आवाज निराळा असतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून आपल्या कानात येतो, तसाच तो डोक्याच्या हाडांमधूनही आत पोहोचतो. म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. इतरांना मात्र फक्त हवेतून आलेला आवाज ऐकू येतो. माझा हा दुसरा आवाज मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला, तो बीड शहरातल्या एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. आणि तोही माझ्या विद्यार्थ्यांच्या देखत!

त्याचे असे झाले. आपला बीड जिल्हा दुष्काळी. टँकरमागे हंडा घेऊन धावणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या शाळेने पाणी जपण्याविषयी एक मराठी गीत बसवले. आठ मुलामुलींनी गीत गायचे आणि सुरुवातीला मी चार ओळींचे निवेदन करायचे, असे ठरले. मार्च महिन्यात एके दिवशी आम्ही एसटीने बीडला गेलो.

स्टुडिओ म्हणजे दोनच खोल्या. आतली गाण्यासाठी, बाहेरची यंत्रांसाठी. मध्ये काचेची खिडकी. आतल्या भिंतींवर जाड गोधड्या टांगलेल्या पाहून मुले हसू लागली. तेव्हा तिथले ध्वनिमुद्रक म्हणाले, "रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. ती घुमते. आवाज भिंतीवर आदळतो आणि परत येतो. गोधडी तो पिऊन टाकते." मग त्यांनी पंखाही बंद केला. आपला कान पंख्याची घरघर विसरतो, मायक्रोफोन विसरत नाही.

मायक्रोफोनपुढे एका कड्यावर पातळ कापड ताणून बसवले होते. 'प', 'फ', 'भ' ही अक्षरे उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो. तो थेट मायक्रोफोनवर आदळला की 'भक्' असा आवाज उमटतो. कापड तो झोत अडवते. आवाजाची पातळीही बेताची ठेवावी लागते. आवाज फार मोठा झाला तर फाटतो, आणि फाटलेला आवाज सहसा शिवता येत नाही. फार बारीक राहिला, तर तो वाढवताना खोलीतली खरखरही वाढते.

आधी हार्मोनियम, मग डफ आणि शेवटी मुलांचे गाणे असे वेगवेगळे मुद्रण झाले. त्यामुळे एकाची चूक झाली तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागत नव्हते. पूर्वी ही सोय नव्हती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हा विजेवर चालणारा मायक्रोफोनही नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गावे लागे. सुमारे तीन मिनिटांत गाणे संपवावे लागे आणि शेवटी त्या स्वतःच आपले नाव सांगत.

आमच्या मुलांमध्ये एकाचा आवाज पहाडी होता. त्याला ध्वनिमुद्रकांनी दोन पावले मागे उभे केले. एका मुलीचा आवाज अगदी नाजूक, तिला पुढे घेतले. जवळचे मोठे ऐकू येते, दूरचे लहान. १९४९ च्या 'महल' चित्रपटात 'आयेगा आनेवाला' हे गीत लांबून येत असल्यासारखे वाटते. त्यासाठी लता मंगेशकर दूर उभ्या राहून, गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. एवढ्या साध्या युक्तीने केवढा परिणाम साधला!

मुलांचे गाणे छान झाले. मग माझी पाळी आली. मी ऐटीत निवेदन वाचले आणि बाहेर आलो. ध्वनिमुद्रक म्हणाले, "सर, एकदा ऐकून घ्या."

मी ऐकले. निवेदनात 'पाणी' हा शब्द तीनदा होता. तिन्ही वेळा मी 'पानी' म्हणालो होतो!

मुले गप्प झाली. माझे कान तापले. ज्या 'ण' साठी मी वर्गात मुलांना दहा-दहा वेळा म्हणायला लावत असे, तोच माझ्या तोंडी नव्हता. घरी लहानपणापासून 'पानी' म्हणत आलो. ती सवय जिभेवर बसली होती आणि मला कधी कळलेच नव्हते.

ध्वनिमुद्रक भला माणूस. तो हळूच म्हणाला, "'वाणी' शब्दात तुमचा 'णी' चांगला आला आहे. तो उचलून इथे बसवतो. कोणाला कळणार नाही."

खरे सांगतो, मला मोह झाला. पण कोणाला कळणार नाही असे कसे? आठ जण तर समोरच बसले होते. तेवढ्यात ती नाजूक आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, जीभ मागे वळवून टाळूला लावा. तुम्हीच सांगता ना!"

मला हसू आले. मी पुन्हा आत गेलो. सहा वेळा चुकलो. सातव्या वेळी काचेपलीकडून आठही मुलांनी टाळ्या वाजवल्या. जाड काचेमुळे त्या मला ऐकू आल्या नाहीत, नुसत्या दिसल्या.

परतताना एसटीत मी मुलांना एक गोष्ट सांगितली. लता मंगेशकर नवीन गायिका होत्या तेव्हाची. ही मुलगी मराठी आहे हे समजल्यावर दिलीपकुमार यांनी तिच्या उर्दू उच्चारांविषयी शंका बोलून दाखवली. लताबाईंच्या मनाला ते लागले. पण त्या रुसून बसल्या नाहीत. त्यांनी शिक्षकांकडून उर्दूचे रीतसर धडे घेतले. पुढे त्यांचे उर्दू उच्चार किती स्वच्छ झाले, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मराठी घरातल्या मुलीला उर्दूतले 'ख' आणि 'ग' अवघड गेले असतील. आपल्याला मराठीतले 'ण' आणि 'ळ' अवघड जातात. त्यात लाज कसली? चूक ऐकूनही न ऐकल्यासारखे करणे, ही मात्र लाजेची गोष्ट.

मित्रांनो, आज ध्वनिमुद्रण करायला स्टुडिओच लागतो असे नाही. घरात कोणाचा तरी मोबाइल असेल. पंखा बंद करा, गोधड्या रचलेल्या खोलीत बसा, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि हा पाठ मोठ्याने वाचा. मग शांतपणे ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज आवडणार नाही. मलाही आवडला नव्हता. तरी शेवटपर्यंत ऐका, चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढा आणि पुन्हा वाचा.

आणि हो, 'पाणी' हा शब्द आला की जीभ जरा मागे वळवा.