नाव एक, खाती तीन

मोठ्या शहरांतल्या कंपन्या ज्याला 'इन-हाऊस लीगल टीम' म्हणतात, त्याला आमच्या शिरोळ तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात 'कोर्टाचं टेबल' म्हणत. मी त्या टेबलावर बरीच वर्षं काढली. दारावर पाटी 'विधी विभाग'. आत माणसं तीन : विधी अधिकारी, मी आणि टायपिंग करणारा एक पोरगा. पगारी विधी अधिकाऱ्याला काळा कोट घालून कोर्टात उभं राहता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बार कौन्सिलचा ४९ वा नियम पूर्णवेळ नोकरदाराला वकिली करू देत नाही. म्हणजे खटला लढणार बाहेरचा वकील. आतल्या माणसांनी कागद सांभाळायचे, तारखा सांभाळायच्या. हे तर यंत्राचंच काम, असं कुणालाही वाटेल.

तारखांपुरतं ते खरंही आहे. ऊसतोडणी-वाहतुकीचा करार करताना मुकादमाला, ट्रॅक्टरवाल्याला उचल दिली जाते आणि धनादेश घेऊन ठेवला जातो. टोळी आली नाही, धनादेश वटला नाही, की कलम १३८ चं घड्याळ सुरू. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद. हे सगळं आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं मांडायचो. पुढे ई-कोर्ट्सचं ॲप आलं, प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला, आणि नुसती पुढची तारीख विचारायला जयसिंगपूरच्या कोर्टात मारायच्या चकरा थांबल्या. या एका गोष्टीसाठी मी कॉम्प्युटरला शंभर गुन्हे माफ करतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं स्कॅनिंग आणलं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी तालुक्यातल्या गावागावांत शिरलं, आमच्या खालच्या कपाटांतही. करारपत्रं दोरीवर वाळत घातली होती, अंगठ्यांची शाई पसरलेली. साहेब म्हणाले, आता सगळं मशीनमध्ये घाला. घातलं. पण मशीनमधला कागद कोर्ट आपोआप मानत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. तिथं वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत आला का याचा, आणि पुरावा होता अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. मूळ यंत्र हजर करत नसाल, तर ६५ब चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात हे ६३ व्या कलमात गेलं आणि प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही आली. तालुक्याच्या गावात असा तज्ज्ञ शोधून बघा.

पण मला सांगायचंय ते नावांचं.

नदीकाठच्या गावातले एक चाचा आमच्याकडे ट्रॅक्टर लावायचे. सातबाऱ्यावर त्यांचं आडनाव 'मुलाणी'. आधारवर 'मुल्लाणी'. बँकेच्या इंग्रजी नोंदीवरून उलटं मराठी झालं तेव्हा 'मुलानी'. नवीन सॉफ्टवेअरनं सगळी खाती उचलली आणि एका माणसाची तीन माणसं केली. उचल पहिल्याच्या नावावर, वाहतुकीची बिलं दुसऱ्याच्या खात्यावर जमा, तिसरा नुसताच. मग पहिला थकबाकीदार ठरणारच. यादीत नाव लाल झालं की पुढच्या हंगामाचा करार नाही, आणि करार नाही तर ट्रॅक्टरचा हप्ता कशानं भरायचा?

चाचा नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आले, सोबत वजनकाट्याच्या पावत्यांचा गठ्ठा. मी जुनं हातानं लिहिलेलं रजिस्टर काढलं. अर्ध्या तासात हिशेब लागला. उलट त्यांचेच थोडे पैसे निघत होते. रजिस्टरमध्ये नावासमोर कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, 'मशिदीमागचे'. सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्यासाठी रकाना नव्हता.

आमच्या लोकांच्या नावांचं मराठीत कायमचं असंच आहे. हुसेन, हुसैन, हुसेनसाब. ज्या तलाठ्यानं, ज्या मास्तरानं जसं ऐकलं तसं लिहिलं. पाटलांचं उलटं. एका गावात नाव, वडील, आडनाव सगळं सारखं असलेले दोन-तीन पाटील सहज सापडतात, आणि मशीन त्यांना एकात घालतं. तेव्हा यात मशीनचा कुणावर राग आहे असं मी म्हणणार नाही. मात्र पूर्वी नोटीस सांगायला बसलं, की फाईल वाचावी लागायची. 'अरे, हा तर गेल्या हंगामात शेवटपर्यंत होता,' असं कुणीतरी मध्येच म्हणायचं. आता एका बटणावर चाळीस नोटिसा निघतात आणि मध्ये बोलायला कुणी नसतं. मी एवढंच मागत होतो, की टपालात टाकण्याआधी यादी त्या त्या गटाच्या चिटबॉयला वाचून दाखवा. त्याला माणसं चेहऱ्यानं ठाऊक असतात. दोन हंगाम तसं चाललं, मग वेळ जातो म्हणून बंद झालं.

हल्लीची पोरं करारपत्रं चॅटजीपीटीला देतात. एकानं भाषांतर दाखवलं, त्यात 'उचल'चं इंग्रजी 'लिफ्ट' केलं होतं. हसलो. पण मुकादमाचं आधार, त्याच्या गावचा पत्ता, हे सगळं त्यात घालताना त्या पोरानं कुणाला विचारलं होतं, हे मला कळलं नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. एका अपिलासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई गाठणं गेलं. कुठल्याही सॉफ्टवेअरनं आमचा इतका वेळ वाचवला नव्हता, यावर आमच्या टेबलावरच्या तिघांचंही एकमत आहे.

मी आता निवृत्त आहे. चाचांचा करार पुन्हा झाला. तिसरं, रिकामं खातं मात्र अजून तसंच आहे. ते बंद करायला 'ही सर्व नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र मागतात, आणि प्रतिज्ञापत्रावर सुरुवातीला नाव कोणतं घालायचं, यावर चाचांचा आणि टेबलावरच्या नव्या पोराचा अजून वाद चालू आहे.