दुभाष्या बोलू लागला!

थोरले बंधू गेले आणि त्यांची कॅननची जुनी लेन्स माझ्याकडे आली. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो तिनेच काढायचे, असे मी ठरवले होते. कॅमेरा मात्र दुसऱ्या कंपनीचा, म्हणून मध्ये अडॅप्टर. १९८७ साली आलेल्या ईएफ पद्धतीच्या या लेन्सला अ‍ॅपर्चरची कडी नसते. सारे हुकूम विजेच्या संदेशांनी जातात. अडॅप्टर हा दोघांमधला दुभाष्या!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी कॅमेऱ्याचे फर्मवेअर नवे केले आणि दुभाष्या मुकाच झाला. आता अडॅप्टरचेही फर्मवेअर बदलणे भाग होते. पण संगणकाला तो दिसेचना. रात्रीचे अकरा वाजले. दादाची लेन्स हातात धरून मी नुसता बसून राहिलो.

शेजारचा विद्यार्थी आला. "ब्यारे केबल हाकि नोड्री, सर!" म्हणाला. माझी केबल नुसती चार्जिंगची. माहिती वाहणाऱ्या तारा तिच्यात नव्हत्याच. त्याने केबल बदलली, मधला हब काढून थेट संगणकाला जोडली आणि काम पुरे होईपर्यंत मला हात लावू दिला नाही. नंतर कोरड्या कापडाने धातूची टोके पुसून लेन्स बसवली. फोकस झाला!

तेव्हा वाचकहो, यंत्राला बोल लावण्याआधी केबल बदलून पाहा.

दुसऱ्या दिवशी आई मराठीत आणि धारवाडच्या विहीणबाई कन्नडमध्ये मनसोक्त बोलत होत्या. तो फोटो पाहून आईने एवढेच विचारले, "थोरल्याच्या भिंगातून काढलास ना रे?"