टीम कोणाची?

आमच्या घरात २०१० सालापासून एका इंग्रज फुटबॉल क्लबचे निकाल नेमाने पाहिले जातात. क्लबचे नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. नाव ऐकून पाहुणे विचारतात, 'मँचेस्टर, लिव्हरपूल सोडून हे कुठले?' प्रश्न बरोबर आहे. या क्लबकडे आमचे लक्ष गेले ते पुण्यामुळे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज कंपनीने, म्हणजे कोंबड्यांच्या धंद्यात नाव कमावलेल्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या कुटुंबाने, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब विकत घेतला. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने उत्साहाने फोन केला, "मामा, इंग्रजांचा क्लब आता आपला!"

पुणे आणि फुटबॉल हा त्याचा आनंद होता. माझे लक्ष मात्र ब्लॅकबर्न या गावाच्या नावावर अडकले. आम्ही मूळचे वडगावचे. वडगाव, खासबाग, शहापूर ही बेळगावची विणकरांची वस्ती, हे वाचकांना सांगायला नको. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणत, वडिलांनी पॉवरलूम चालवला. विलायती कापडाने देशी माग कसे बसवले, ही गोष्ट आमच्याकडे पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकलेली असते. आणि ते विलायती कापड जिथे विणले जाई, त्या गावांत ब्लॅकबर्नचे नाव अगदी वर होते.

इंग्लंडच्या लँकेशायर भागात, मँचेस्टरच्या उत्तरेला हे गाव आहे. आज तिथली वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. सूतकताईचे 'स्पिनिंग जेनी' हे यंत्र बनवणारा जेम्स हारग्रीव्हज याच परिसरातला. एकोणिसाव्या शतकात येथे गिरण्यांची धुरांडी उभी राहिली आणि त्यांतल्या कितीतरी गिरण्या खास हिंदुस्थानसाठी धोतरे विणू लागल्या. लँकेशायरच्या विणकराने धोतर नेसलेला माणूस कधी पाहिलेला नसेल, पण त्याची चूल त्या धोतरावर पेटत होती.

क्लब स्थापन झाला १८७५ मध्ये. सुरुवात करणारे तरुण खाऊनपिऊन सुखी घरांतले, चांगल्या शाळांत शिकलेले होते. पण खेळ पाहायला कोण येणार? १८५० च्या कायद्याने गिरण्यांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी द्यावी लागे. कामगार हातपाय धुऊन मोकळा झाला की उरलेली दुपार त्याची स्वतःची. इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू होण्याची परंपरा या अर्ध्या सुट्टीतून आली. म्हणजे गिरणीच्या भोंग्याने या खेळाची वेळ ठरवली.

त्या काळी एफ.ए. कप ही सर्वांत मानाची स्पर्धा होती आणि तिच्यावर दक्षिणेतल्या बड्या घरच्या मंडळींची हुकमत होती. १८८२ च्या अंतिम सामन्यात रोव्हर्स ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून एका गोलने हरले. पुढच्याच वर्षी त्याच ईटनवाल्यांना ब्लॅकबर्नच्याच दुसऱ्या एका संघाने, ब्लॅकबर्न ऑलिंपिकने, हरवून कप गावात आणला. त्या संघात विणकर आणि गिरणी कामगार होते. मग रोव्हर्सची पाळी आली. १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षे कप त्यांनी जिंकला. रोव्हर्सनंतर हे कोणालाही साधलेले नाही. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली, त्या बारांत रोव्हर्स होते. १९१२ आणि १९१४ मध्ये ते लीगचे विजेते झाले.

आणि मग पहिले महायुद्ध. हिंदुस्थानात जाणारे कापड अडले. तेवढ्या काळात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी जम बसवला, जपानचा माल आला, पुढे स्वदेशीची चळवळ जोरात झाली. लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले. ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनमध्ये ते गिरणी कामगारांना भेटले. ज्यांच्या पोटावर बहिष्काराचा मार बसला होता, त्याच बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जयजयकार केला. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्यात मला दोन्ही बाजूंचे विणकर दिसतात. एकाचा माग दुसऱ्याने बसवला आणि शेवटी दोघेही यंत्राच्या आणि बाजाराच्या रेट्यात सापडले.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाला राहणाऱ्या संघांना खालच्या श्रेणीत उतरावे लागते. आपल्या आयपीएलसारखे नाही, की शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तिथेच. १९२८ मध्ये रोव्हर्सनी पुन्हा एकदा कप जिंकला खरा, पण १९३६ मध्ये ते प्रथमच पहिल्या श्रेणीतून खाली गेले. कापड पडले म्हणून टीम पडली, असे सरळ गणित मी मांडणार नाही. पण गावाची कमाई आटली की गावातल्या प्रत्येक गोष्टीला तिची झळ लागते, हे आपण वडगावकर जाणतो. पुढे संघ वर आला, पुन्हा घसरला. १९७१ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत गेला.

क्लबचे दुसरे भाग्य लोखंडातून आले. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच मुलगा. वडिलांचे पत्र्याचे छोटे काम त्याने आणि त्याच्या भावाने एवढे वाढवले, की तो पोलादाचा धंदा ब्रिटिश स्टीलने तीस कोटींहून अधिक पौंडांना घेतला. १९९१ मध्ये वॉकरने क्लब हाती घेतला. केनी डॅलग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग नव्याने सुरू झाली आणि त्याच वर्षी रोव्हर्स वरच्या श्रेणीत पोचले. त्याच उन्हाळ्यात अॅलन शिअररला तीस लाखांहून अधिक पौंड मोजून आणले, तो तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम होता. इवुड पार्क या जुन्या मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्या बांधल्या.

१४ मे १९९५ हा दिवस ब्लॅकबर्नकर विसरणार नाहीत. मोसमाचा शेवटचा सामना लिव्हरपूलमध्ये होता. अगदी शेवटच्या क्षणी गोल खाऊन रोव्हर्स २-१ ने हरले. पण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला होता. रोव्हर्सचे ८९ गुण, युनायटेडचे ८८. हरलेला संघ मैदानावर नाचत होता. त्या मोसमात शिअररने ३४ गोल केले. ८१ वर्षांनी एका लहान गिरणीगावाकडे देशाचे विजेतेपद आले. आणखी वीस वर्षे त्यांच्याशिवाय ही लीग जिंकली ती मँचेस्टरच्या आणि लंडनच्या बड्या क्लबांनीच.

पैशाने वर आलेले पैशावरच टिकते. १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये संघ पुन्हा खाली उतरला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारले. संघ परत वर गेलेला त्यांना पाहता आला नाही, ते घडले २००१ मध्ये. २००२ मध्ये रोव्हर्सनी लीग कपही जिंकला. तरी वॉकरांमागे तेवढा हात सैल सोडणारा कोणी नव्हता. शेवटी पुणेकर आले.

पुढचे भाच्याच्या अपेक्षेप्रमाणे झाले नाही. महिन्याभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम अॅलरडाइस यांना काढण्यात आले. स्टीव्ह कीन यांना नेमले, ते प्रेक्षकांना रुचले नाहीत. २०११ मध्ये खेळाडू कोंबडीच्या पदार्थांच्या जाहिरातीत दिसले. ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून १-० ने हरून संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. खेळ थांबवून ती पकडावी लागली.

टीव्हीवर ती कोंबडी पाहून सासूबाई खळखळून हसल्या. त्या गोकाककडच्या, त्यांची घरातली बोली कन्नडच. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारले, "टीम यार्दु?" टीम कोणाची? मी म्हटले, पुण्याच्या कंपनीची. त्या म्हणाल्या, "मत्त आ ऊरवरदु अल्लेनु?" मग त्या गावच्या लोकांची नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर कागदावर सोपे आहे. भाग ज्याचे, क्लब त्याचा. शिवाय मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. तोटा होत असताना त्यांनी वर्षानुवर्षे क्लबमध्ये पैसा ओतला, क्लब बंद पडू दिला नाही. पण पैसा ओतणे निराळे आणि गावाशी बोलणे निराळे. २०१२ मध्ये नवे व्यवस्थापक हेनिंग बर्ग, जे १९९५ च्या विजेत्या संघात खेळले होते, ते केवळ ५७ दिवस टिकले. जॅक वॉकरही शेवटी मालकच होते. फरक एवढाच, की ते लहानपणापासून त्याच गावात याच संघाकडे पाहत वाढले होते. काही जुन्या प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानावर जाणे सोडले. दुसरा क्लब मात्र त्यांनी धरला नाही. रुसून घरी बसणे हासुद्धा आपलेपणाचाच प्रकार असतो.

२०१७ मध्ये आणखी एक पायरी उतरावी लागली. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला ३-१ ने हरवूनही गोलांच्या फरकात रोव्हर्स मागे पडले आणि तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेला कोणताही संघ तोवर इतका खाली गेला नव्हता. टोनी मोब्रे यांनी वर्षभरात, २०१८ मध्ये, संघ पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आणला. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये संघ त्या श्रेणीत सातवा आला. तेव्हा पहिल्या सहांना वर जाण्याची संधी असे. म्हणजे दोनदा उंबरठ्यावर ठेच.

मधल्या काळात गावही बदलले. १९६० च्या सुमारास उरल्यासुरल्या गिरण्यांना रात्रपाळीचे कामगार हवे होते, तेव्हा गुजरात आणि पाकिस्तानातून माणसे आली. पुढे गिरण्या संपल्या, माणसे तिथेच राहिली. आता त्यांची नातवंडे तिथली आहेत. २ मे २०२२ रोजी इवुड पार्कच्या हिरवळीवर ईदची नमाज झाली. मैदानावर ईदची नमाज होऊ देणारा इंग्लंडमधला हा पहिलाच व्यावसायिक क्लब. ज्या देशात कापड विकून गाव मोठे झाले, तिथूनच आलेल्या लोकांसाठी गावाने आपले सर्वांत लाडके अंगण उघडले. माझ्या मते या क्लबच्या इतिहासात हा दिवस १९९५ च्या शेजारी लिहावा असा आहे.

माझा मुलगा बंगळूरला असतो. तो म्हणतो, "बाबा, दुसऱ्या श्रेणीतला संघ काय बघता? जिंकणारा एखादा धरा." त्याच्या पिढीला जग मोकळे आहे, संघ निवडता येतो. ब्लॅकबर्नच्या माणसाला तो निवडावा लागत नाही, आजीच्या बोलीसारखा तो घरातच मिळतो. कापसाचा पैसा गेला, लोखंडाचा गेला, कोंबड्यांचाही कधीतरी जाईल. तरी ज्या गावाच्या गिरण्या गेल्या, त्या गावाला शनिवारी दुपारी एकत्र येण्याचे निमित्त उरले आहे.

आमच्या घरचा माग वडिलांनी विकला, तेव्हा घरातला आवाज एका दिवसात बंद झाला. गल्लीतले आणखीही बरेच माग गेले. माग गेल्यावर गल्लीला एकत्र बांधणारे काय उरले, हे मी स्वतःला अजून विचारतो. आपण सीमाभागातली माणसे, ताबा कोणाचा आणि आपलेपणा कोणाचा, यांतले अंतर आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. सासूबाईंचा प्रश्न म्हणूनच मला क्लबपुरता वाटला नाही. मुलाला मी एवढेच सांगितले, की संघ कुठलाही धर, पण तो हरेल त्या दिवशीही निकाल बघ.