चौथी खूण

(द्वितीय वर्ष, कला)

मेहरूणची बोरे सगळ्या जळगावला ठाऊक आहेत. मेहरूणचे बांध मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक! मेहरूण शिवारात आमचे तीस गुंठे रान आहे. त्याच्या पूर्वेच्या बांधावर बोरीचे एक झाड आहे. ते झाड आमचे की शेजारच्या काकांचे, यावरून दोन्ही घरांत कित्येक वर्षे बोलणे बंद होते. आप्पांचे म्हणणे, काका दर पेरणीला नांगराचा एक तास बांधात घालतात. काकांचे म्हणणेही अगदी हेच, फक्त नाव आप्पांचे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. भूगोल घेतला तेव्हा आप्पांनी विचारले होते, "त्याचा उपयोग काय?" मला उत्तर देता आले नव्हते. गेल्या वर्षी ते सापडले असे मला वाटले. त्याचीच ही हकीकत.

प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट टेबलावर पसरले. एकावर एक अशी दोन पत्रके होती, कारण एकवीस अक्षांशाची रेघ जळगाव शहरावरूनच जाते आणि त्या रेघेवर एक पत्रक संपून दुसरे सुरू होते. सरांनी ती स्कॅन करून संगणकावर घेतली आणि म्हणाले, "आता हे नुसते चित्र आहे. आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे या चित्राला ठाऊक नाही. ते त्याला शिकवायचे." क्यूजीआयएस नावाची एक प्रणाली फुकट मिळते. तिच्यात नकाशाच्या कोपऱ्यांवर टिचकी मारायची आणि तिथे छापलेले अक्षांश-रेखांश भरायचे. मग चित्र आपल्या जागी बसते. तेच मोबाईलवर घेतले की जीपीएसचा निळा ठिपका जुन्या कागदावर चालू लागतो.

मी तो मोबाईल घेऊन मेहरूण तलावाच्या काठाने चालले. पाय काठावर आणि ठिपका भलतीकडेच! दुसऱ्या दिवशी सर हसले. जुनी पत्रके १८३० सालच्या एव्हरेस्टच्या मापांवर आखलेली आहेत. जीपीएस १९८४ सालची जागतिक मापे वापरते. पृथ्वीचा आकार दोघांनी थोडा वेगळा धरला, म्हणून आपल्या भागात शंभरावर मीटरांचा फरक पडतो. प्रणालीला नकाशाचे माप सांगितले आणि ठिपका निमूटपणे काठावर आला. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

घरी हे सांगितल्यावर आप्पा उठले आणि त्यांनी पेटीतून गावनकाशाची नक्कल काढली. घड्यांवर विरलेली, पण आमचा गट नंबर स्पष्ट. "यावर चालव तुझा ठिपका," ते म्हणाले.

टोपोशीट बांधाच्या कामाचे नव्हतेच. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. आमचे अख्खे रान पेन्सिलीच्या टोकाखाली झाकते. गावनकाशात बांध दिसतात, पण त्याच्या कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश नसतात. तिथे खुणा आपणच शोधायच्या. नकाशावरही आहे आणि जमिनीवरही आहे अशी जागा गाठायची, तिथे उभे राहून मोबाईलचे आकडे टिपायचे. मी तीन खुणा घेतल्या: रस्त्याचा फाटा, नाल्यावरचा शिवेचा दगड आणि विहीर. प्रणालीने हिशेब केला आणि त्रुटी दाखवली शून्य! मोबाईल घेऊन मी बांधावर गेले. नकाशातली हद्द बोरीच्या पलीकडे, काकांच्या रानात नऊ मीटर आत होती.

आप्पांनी तिथल्या तिथे हिशेब केला. आमचा तो बांध साठ मीटर लांब. नऊ गुणिले साठ, म्हणजे पाच गुंठ्यांच्या वर जमीन. तेहतीस फुटी साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेले नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ते सगळ्यांना सांगत होते, "पोरीने कॉलेजच्या नकाशावर काढलं." रविवारी चार जाणत्या माणसांना बोलवायचे ठरले.

शुक्रवारी मी कौतुकाने सरांना सगळे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "खुणा किती?" मी म्हटले, तीन. ते म्हणाले, "तीन खुणा दिल्या की या पद्धतीत त्रुटी नेहमी शून्यच येते, एखादी खूण चुकीची असली तरी. ताडून पाहायला चौथी लागते." त्याच दुपारी ग्रंथालयात लॅम्ब्टनविषयी वाचले. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने त्रिकोणांवर त्रिकोण रचत हिंदुस्थान मोजायला घेतला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला तो वारला. पण तोही नुसत्या हिशेबावर विसंबला नाही. पुढे गेल्यावर नवी रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि हिशेबाने आलेल्या लांबीशी ताडायची, असा त्याचा शिरस्ता होता.

शनिवारी मी मारुतीच्या देवळाची चौथी खूण घेतली. त्रुटी तेरा मीटर! आधी वाटले, देऊळच हलले असेल. आजीला विचारले. ती म्हणाली, "देऊळ तिथंच हाय, नुसता स्लॅब नवा. हीर मात्र नवी हाय. जुनी बहात्तरच्या दुष्काळात आटली, मग बुजवली." आणि काठी टेकत टेकत तिने मला जुन्या विहिरीची जागा दाखवली. बाभळीखाली उथळ खळगा होता. कागदावर होती ती विहीर ही. तिथले आकडे टिपले, नव्या विहिरीची खूण काढून टाकली, शिवेचा आणखी एक दगड घेतला. आता पाच खुणा झाल्या, त्रुटी पाच मीटरांवर आली, आणि हद्द बोरीवरून गेली. एका ठिकाणी तर ती आमच्याच रानात शिरत होती.

पाच मीटर म्हणजे अर्धी साखळी. साठ मीटरच्या बांधाला तीन गुंठे इकडे किंवा तीन गुंठे तिकडे. मोबाईलची चूक, विरलेल्या कागदाची चूक, माझ्या टिचकीची चूक, सगळ्या त्यात आल्या. एवढ्या चुकीवर कोणाच्या रानात पाय ठेवायचा?

रात्री आप्पांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे काका बरोबर?"

"तेही सांगता येत नाही, आप्पा."

"मग शिकून काय उपयोग झाला?"

ते जेवले नाहीत. मीही जेवले नाही. खोटे वाटेल, पण त्या रात्री मला वाटले की ती चौथी खूण घेतलीच नसती तर बरे झाले असते. आप्पांची टपरीवरची मान ताठ राहिली असती. काकांनी तीन खुणांचा हिशेब कुठे तपासला असता? पण मला तो ठाऊक होता.

रविवारी माणसे आली. मी आत, दाराआड उभी. आप्पांनी चहा दिला आणि सगळ्यांसमोर, काकांकडे न बघता, म्हणाले, "पोरीनं आधी पाच गुंठे सांगितले होते. आता म्हणते, या नकाशावरून नक्की सांगता येत नाही. तिनंच आपली चूक काढली." थोडा वेळ कोणी बोलेना. मग काका म्हणाले, "मग सरकारी मोजणीच करू. फी निम्मी निम्मी."

अर्ज दोघांच्या सहीने गेला आहे. मोजणी अजून व्हायची आहे; हद्द कुठे निघेल कोण जाणे. आप्पांनी विचारलेल्या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. पण मोजणीची नोटीस येईल त्या दिवशी आजीला बांधावर न्यायचे, असे त्यांनी स्वतःहून ठरवले आहे. आणि या हिवाळ्यात काकांच्या घरून एक सूपभर बोरे आली. त्याच झाडाची होती, की दुसऱ्या, आम्ही विचारले नाही.