जागा सोडाल ना?

मुलुंड (पूर्व),
रविवार, २९ जून २०२५

ती. स्व. काकूंना,


तुमचा अंगठा एकदाचा लागला त्याला आज नऊ दिवस झाले. नोंदणी झालेल्या कराराची प्रत मंगळवारी आली, एजंटने ती तुमच्या लेकीला व्हॉट्सॲपवर पाठवलीही. तेव्हा कामाचं असं काही कळवायचं उरलेलं नाही. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी, मशीनच्या काचेवर बोट ठेवून तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि आम्ही सगळ्यांनी तो हसण्यावारी नेला. मीही हसले. ते बरं केलं नाही, असं तेव्हापासून वाटतंय. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही आणि तुम्हाला कमी ऐकू येतं, म्हणून हे पत्र.

आधी इकडचं सांगते, कारण तुम्हाला स्क्रीनवर माझं अर्धं कपाळ आणि एजंटच्या दुकानातला पंखा एवढंच दिसत होतं.

माझी बदली मे महिन्यात झाली. मी एकटी पुढे येऊन घाटकोपरला मैत्रिणीकडे उतरले. हे आणि मुलगा नागपुरात खोकी भरत बसले. रोज ऑफिस सुटलं की जागा बघत हिंडायचं. अंधेरीचे भाव ऐकले आणि आल्या मेट्रोने परत फिरले. मुलुंडला पश्चिमेच्या दोघा एजंटांनी जागा दाखवण्याआधी आडनाव विचारलं, मग स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारलं. त्याच मुलुंड पश्चिमेत २०२३ च्या सप्टेंबरात एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ गाजला होता. तो आम्ही नागपुरात जेवता जेवता पाहिला होता आणि मुंबईचे वाद मुंबईत म्हणून चॅनल बदललं होतं. तुम्ही मात्र पहिल्या फोनवर एवढंच विचारलंत, ‘गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालाल का?’ मी तेव्हाच ह्यांना कळवून टाकलं, घर मिळालं.

मग कराराची वरात निघाली. तुम्ही पुण्याला कोथरूडमध्ये लेकीकडे, हे नागपुरात, मी घाटकोपरला, आणि ज्या जागेसाठी हे सगळं ती मुलुंडला कुलूपबंद. पूर्वीच्या काळी सगळ्यांना एका दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत टोकन घेऊन बाकावर बसावं लागलं असतं. आता नोंदणी खात्याच्या ई-रजिस्ट्रेशनमुळे ज्याने त्याने आपापल्या गावातून बोटाचा ठसा आणि फोटो द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. करताना त्यासाठी मला दिवसाला वीस-वीस फोन करावे लागले. तुमच्या आधारवर नावाचं स्पेलिंग एक आणि शेअर सर्टिफिकेटवर दुसरं, लाइट बिल अजून काकांच्या नावावर. बिल पाहिलं तेव्हा मात्र हसू आलं. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला वीज अदानीची, पण भांडुप-मुलुंडला महावितरणची. म्हणजे घर बदललं, जिल्हा बदलला आणि बिल तेच आलं.

ह्यांचा ठसा गुरुवारी रामदासपेठेतल्या एका दुकानात अर्ध्या मिनिटात झाला. माझा शुक्रवारी दुपारी झाला. राहिलात तुम्ही. शनिवारी-रविवारी कचेरी बंद, त्यामुळे शुक्रवारीच कागद पुढे जायला हवा होता. आणि सामानाचा ट्रक तर संध्याकाळी पाचला नागपुरातून सुटलाच होता.

ठसे घ्यायला आलेला पुण्याचा मुलगा तुमच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता आणि समोरच्या डबीतला लाल दिवा तुमच्या अंगठ्याखाली लागत होता आणि विझत होता. एकदा, दोनदा, सातदा. लेकीने कोमट पाण्याचं भांडं आणलं. बोटं बुडवून पुसली. तुम्ही तेलाची बाटली मागितलीत तर तो घाईघाईने म्हणाला, ‘तेल नको आजी, काच खराब होईल.’ मग पदराला घासून पाहिलं, तर्जनी लावून पाहिली. तुम्ही बोटं दिव्याखाली धरून निरखत होतात, तेव्हा मला पहिल्यांदा तुमचे हात दिसले. टोकं गुळगुळीत, रेषा जवळजवळ नाहीतच. ‘साठ वर्षं भांडी घासली, आता सरकारला मी सापडत नाही,’ असं तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. शेवटी डाव्या अंगठ्याने हूं म्हटलं. तो काचेवर तसाच ठेवून तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता विचारलंत, ‘वेळ झाली की जागा सोडाल ना गं बाई?’

एजंट म्हणाला, ‘काकू, सगळं लिहिलंय त्यात.’ आणि दुसऱ्या फोनकडे वळला.

काकू, हा प्रश्न मला नवा नाही. माझ्या आजोबांचा नागपुरात महालात जुना वाडा होता. त्यांनी मागच्या दोन खोल्या एका कुटुंबाला महिना चाळीस रुपयांनी दिल्या होत्या. माणसं चांगली होती, दिवाळीला फराळाची ताटं यायची-जायची. फक्त ती गेली नाहीत. विदर्भात तेव्हा सी. पी. अँड बेरारची १९४९ ची भाडे नियंत्रण ऑर्डर चालायची. तिच्याखाली भाडेकरूला नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. माझ्या वडिलांच्या तरुणपणाचे कितीतरी बुधवार त्या कचेरीत गेले. खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा आजोबा नव्हते आणि छपरही नव्हतं. त्यामुळे तुम्ही विचारलंत तेव्हा मला माझ्या बाबांचा आवाज आल्यासारखा झाला.

मुंबईचं दुखणं वेगळ्या कायद्याचं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं. गिरणगावातली कितीतरी घरं त्यावर उभी राहिली, हेही खरं. पण दरांनी हलायचं नावच घेतलं नाही. मग मालकांनी पळवाट काढली. भाड्याने द्यायचंच नाही, ‘लीव्ह अँड लायसन्स’वर द्यायचं. जागा वापरायची नुसती परवानगी, हक्क कसला नाही. ही लायसन्सची कल्पना १८८२ च्या ईझमेंट कायद्यातली, तिथे ती शेजाऱ्याच्या जमिनीवरून जाण्या-येण्याच्या प्रकरणांशेजारी बसलेली आहे. मुंबईने तिच्यात बिऱ्हाडं बसवली. आणि १९७३ साली सरकारने दुरुस्ती केली की, १ फेब्रुवारी १९७३ ला जो लायसन्सवर राहतोय तो त्या दिवसापासून संरक्षित भाडेकरू. ज्यांनी दोन वर्षांसाठी म्हणून जागा दिली होती ते मालक रात्रीतून कायमचे मालक-नुसते-नावाचे झाले. काकांनी हे घर घेतलं आणि तुम्ही पुण्याला गेल्यावरही इतकी वर्षं कुलूप लावून ठेवलं, त्याचं कारण मला कुणी सांगितलेलं नाही. पण मुंबईतल्या कुलपांची वंशावळ बहुतेक तिथेच जाते.

तुमच्या जावईबापूंनी सुचवलं होतं ना, की अकरा महिन्यांचा करार करा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, नोंदणीची कटकट नको? ते अकरा महिने १९०८ च्या नोंदणी कायद्यातले. वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक महिना कमी करतात. इतर बऱ्याच राज्यांत ती युक्ती चालते. आपल्याकडे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने मुंबईचा, आमच्या विदर्भाचा आणि मराठवाड्यातला हैदराबादचा असे तिन्ही जुने कायदे एकत्र गुंडाळले. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे जावईबापूंचं ऐकलं असतं तर तुम्ही माझ्या शब्दावर राहिला असतात. मी चांगली बाई आहे, पण इतकाही भरवसा ठेवू नये.

यासाठीच मी नोंदणीचा आग्रह धरला होता, आणि तुम्हाला वाटत होतं की त्यात माझाच काही फायदा आहे. खर्च म्हणाल तर २४ महिन्यांचे ३०,००० प्रमाणे ७,२०,०००, अधिक एक लाख डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे २०,०००. या ७,४०,००० वर पाव टक्का मुद्रांक, १,८५० रुपये. नोंदणी फी १,०००. एजंटचं वेगळं. त्याचं किती झालं ते लिहीत नाही, तुमचं ब्लडप्रेशर वाढायचं.

आता तुमच्या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर. त्याच कायद्याचं २४ वं कलम. मुदत संपली आणि मी हलले नाही तर तुम्ही दिवाणी कोर्टात जायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. आणि जागा रिकामी करेपर्यंत मला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागेल, म्हणजे महिना ६०,०००. माझा पगार तुम्हाला ठाऊक आहे. आणखी एक गंमत बघा, अख्ख्या करारात मला कुठेही भाडेकरू म्हटलेलं नाही. मी ‘लायसन्सी क्रमांक १’, हे ‘लायसन्सी क्रमांक २’. घरी मी ह्यांना त्यावरून जरा वर मान करून चहा मागते.

हे झालं कायद्याचं. शनिवारचं सांगायचं राहिलंच.

ट्रक समृद्धी महामार्गावरून रात्रभर छान आला. सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता याच महिन्यात, ५ तारखेला, पूर्ण खुला झाला. आमचा ड्रायव्हर नागपूरपासून आमण्यापर्यंत फोनवर त्याच्याच गोष्टी सांगत होता. आमण्यापासून मुलुंडपर्यंत तो काही बोलला नाही. भिवंडीची कोंडी, मग ठाणे, मग टोलनाका. लहान गाड्यांना तिथे गेल्या ऑक्टोबरपासून टोल नाही, ट्रकला आहे. पोहोचला तेव्हा दुपारचे साडेबारा आणि धो धो पाऊस. हे आणि मुलगा ट्रेनने येऊन सकाळपासून गेटवर उभे.

आणि सेक्रेटरीसाहेबांनी गेट उघडू दिलं नाही. नोंदणी झालेली प्रत दाखवा, मग सामान. मी ठसे दिल्याची पावती दाखवली, पोलिसांच्या साइटवर भरलेली भाडेकरूची माहिती दाखवली. ‘मॅडम, पावती म्हणजे ॲग्रीमेंट नाही.’ त्यांचं चूक नव्हतं, हेच जास्त लागत होतं. कचेरी सोमवारी उघडणार. ट्रकवाला थांबायचे तासाला पैसे सांगत होता, ताडपत्रीतून पाणी ठिबकून आईच्या लग्नातल्या कपाटावर पडत होतं, आणि मुलगा छत्री माझ्यावर न धरता त्याच्या सायकलवर धरून उभा होता.

तेव्हा मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही जेवत होतात. मी दोन वाक्यं बोलले असेन. तुम्ही म्हणालात, ‘फोन त्याच्याकडे दे.’ पुढे काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. सेक्रेटरी मात्र तीनदा ‘हो काकू’ म्हणाले आणि त्यांनी वॉचमनला हात केला. नंतर लिफ्टपाशी ते मला म्हणाले, ‘त्या म्हणाल्या, माझी माणसं आहेत, भिजतायत.’

आदल्या संध्याकाळी मला जागा सोडाल ना म्हणून विचारणाऱ्या तुम्हीच. तेव्हा तुमच्या हातात नोंदवलेला करार नव्हता, माझ्याही नव्हता.

असो. एक व्यवहाराचं राहिलं. सोसायटीच्या बिलात तुम्हाला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावतात, तो एकदा नीट बघा. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. जास्त असेल तर मला बिलाचा फोटो पाठवा, पत्र मी लिहून देईन. सही तुमची लागेल, पण ती पेनाने चालते.

कुंड्या ठीक आहेत. मोगरा वाळला होता, त्याला आता दोन पानं आली आहेत. आणि काकू, जागा सोडेन. ३० जून २०२७ च्या आधीच सोडेन. घराला रंगाचा हात दिलेला असेल.

शेवटी विचारायचं ते हे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर मागच्या बाजूला काकांची लोखंडी ट्रंक आहे. कराराच्या परिशिष्टात पंखे ४, ट्यूब ५, गिझर १ असं सगळं लिहिलंय, ट्रंक नाही. तिच्या वरच्या भिंतीतून पाऊस झिरपतोय आणि एक कोपरा ओला झालाय. मी ती ओढून कोरड्या जागी ठेवली आहे, पण कुलूप तसंच आहे. आत कागद असले तर भिजतील. उघडू का, तेवढं कळवा.

आपली,
लायसन्सी क्रमांक १