फेहरिस्त

मालेगावात माझ्या खालूंचे उर्दू पुस्तकांचे दुकान आहे. त्यांची शेवटची छापील फेहरिस्त २००४ ची. चौसष्ट पाने, साधा कागद, नऊशेच्या आसपास पुस्तके आणि प्रत्येकाला क्रमांक. गिऱ्हाईक पोस्टकार्डावर नुसते क्रमांक लिहून पाठवी आणि पार्सल रवाना होई. २०२० च्या टाळेबंदीत दुकानाला कुलूप लागले, तेव्हा खालूंच्या मुलाने ठरवले की आता फेहरिस्त वेबसाइटवर घ्यायची. संगणकाचे तो पाहणार होता. उर्दू मजकूर माझ्याकडे आला, कारण घराण्यात शाळेत इम्ला शिकवणारी मी एकटीच.

भावाला वाटत होते, फाइल तयारच आहे, उचलून ठेवायची. फाइल इनपेजमधली होती. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमुळे उर्दूची सुंदर लिपी यंत्रावर आली आणि पुढे इनपेजने ती आपल्या गल्लीबोळांतल्या छापखान्यांपर्यंत पोहोचवली. कातिबांची रोजी गेली, पण पुस्तके स्वस्तात निघू लागली. मात्र जुन्या इनपेजची अक्षरांची सांकेतिक भाषा त्याची त्यालाच कळे. तिथला मजकूर बाहेर काढला की नुसती खिचडी. तो युनिकोडमध्ये बदलून घेतला, तेव्हा खरे काम सुरू झाले.

उर्दूत दाल, रे, वाव ही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. त्यामुळे ‘और’नंतर मोकळी जागा सोडली काय, न सोडली काय, छापल्यावर फरक दिसत नाही. टाइप करणाऱ्याने ती सोडलीच नव्हती. कागदावर डोळा शब्द वेगळे करतो, संगणक करत नाही. त्याच्या लेखी तो एकच लांबलचक शब्द, आणि शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही. काफ आणि ये यांचीही तीच गत. अरबी कळफलकावरचा काफ वेगळा, उर्दूचा वेगळा. पडद्यावर दोघे सारखेच दिसू शकतात, पण संगणक त्यांना सख्खे मानत नाही. अख्खी मे महिन्याची सुट्टी मी जागा सोडण्यात आणि काफ बदलण्यात घालवली.

खालूंचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. त्यांच्या फेहरिस्तीत आधी तफसीर, मग हदीस, सीरत, मग शायरी, अफसाने, आणि शेवटी मुलांची पुस्तके व पाककृती. वेबसाइट म्हणते, जास्त खपते ते वर. पहिल्या आठवड्यातच ख्वाबनामा मीरच्या दिवाणावर जाऊन बसला. “ये क्या अदब है?” खालू म्हणाले. आम्ही त्यांचा क्रम परत लावून दिला. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे नसेल, पण दुकान त्यांचे आहे.

फेहरिस्तीत सुमारे दोनशे पुस्तकांपुढे तारा होता. म्हणजे पुस्तक संपले आहे, कुणाकडे जुनी प्रत असल्यास कळवावे. भावाचे म्हणणे, जे विकायचेच नाही ते दाखवायचे कशाला? इथे मी खालूंच्या बाजूने भांडले. लखनौला मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला. तिथे काय काय छापले गेले हे आज कळते, त्यात त्या छापखान्याच्या याद्यांचाही वाटा आहे. आमच्याकडची कितीतरी छोटी पुस्तके लेखकाने पदरमोड करून पाचशे प्रती काढलेली. यादीतून नाव गेले की ते पुस्तक कधी निघाले होते याचा पुरावाही जातो. तारे राहिले.

सर्वांत मोठा वाद लिपीचा झाला. छापील फेहरिस्त उर्दू वाचणाऱ्याच्याच हातात जाई. वेबसाइटवर येणारा मात्र इंग्रजी अक्षरांत शोधतो; गालिबचे नाव कुणी जी-एच लावून लिहितो, कुणी नुसता जी. माझे विद्यार्थीही एकमेकांना उर्दूत निरोप पाठवतात, पण अक्षरे इंग्रजी. म्हणून मी सुचवले की प्रत्येक नाव उर्दूबरोबर इंग्रजी अक्षरांत आणि नागरीतही द्यावे. खालू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. “रस्मुलखत गया तो क्या बचेगा, बेटा?” हा प्रश्न त्यांनी मला, उर्दू शाळेच्या शिक्षिकेला विचारला. माझ्याजवळ त्याचे पक्के उत्तर नव्हते आणि आजही नाही. लिपी गेली तर माझी शाळाही जाईल, हे मला त्यांच्याइतकेच कळते. पण ज्याला वाचता येत नाही त्याला दुकानाच्या पायरीवरही उभे राहू द्यायचे नाही, हे मला पटेना.

एक गंमत त्यातून निघाली. उर्दूत ‘ज़’चे जाल, ज़े, ज़ाद, ज़ोय असे प्रकार, नागरीत सारे एकाच अक्षरात येतात. ज्या चुकीसाठी मी वर्गात गुण कापते, ती करणाऱ्यालाही नागरीतून पुस्तक सापडते.

शेवटी तिन्ही लिपी ठेवल्या, उर्दू मोठ्या अक्षरांत. मागच्या हिवाळ्यात सोलापूरहून एका तरुणाने मराठीत लिहून एक काव्यसंग्रह मागवला. आजोबांचा आहे, मला उर्दू येत नाही, घरात असावा म्हणून हवा, असे लिहिले होते. दोन प्रती शिल्लक होत्या. खालूंनी पार्सलमध्ये मुलांचा उर्दू कायदा घातला आणि भावाला म्हणाले, “बिल में मत लिखना.”

पोहोच आली, कायद्याविषयी त्याने काही लिहिले नाही. मुलांच्या विभागातली शंभरेक नावे नागरीत लिहायची अजून बाकी आहेत.