बाउन स्ट्रीटवरचा गणपती

शनिवार. मुलाकडे न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले. फ्लशिंगच्या गणपतीला जायचा योग आज आला.

गणपती म्हणजे आपलाच, असा उगाच तोरा मिरवत गेले. पण हा महावल्लभ गणपती! थाट सगळा दाक्षिणात्य. घरांच्या रांगेत अचानक गोपुर उभं. इथे आधी रशियन ऑर्थोडॉक्स चर्च होतं. संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारे अलगप्पा अलगप्पन आणि त्यांच्यासारखी मंडळी जमली, 1970च्या 26 जानेवारीला संस्था नोंदवली, चर्चची जागा घेतली. मूर्ती भारतात घडवून आणल्या. प्रतिष्ठापना 1977च्या 4 जुलैला. एक तारीख तिकडची, एक इकडची. मला हे फार आवडलं.

ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्या जॉन बाउनला 1662मध्ये अटक झाली होती. का, तर घरात क्वेकरांना प्रार्थनेला जमू दिलं म्हणून! त्याचं घर अजून याच रस्त्यावर आहे.

तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाल्ला. खरं सांगायचं तर दर्शनापेक्षा तिथेच जास्त वेळ गेला. शेजारच्या टेबलावर तमिळ, पलीकडे तेलुगू, आणि आमच्या नातवाचं इंग्रजी.

सुनेने सकाळी मागच्या अंगणातलं गवत खुडून एकवीसची जुडी बांधली होती. त्या काही दुर्वा नव्हेत, हे मला दिसत होतं. गुरुजींनाही दिसलं असणार. त्यांनी जुडी घेतली, पाणी शिंपडलं आणि तबकात ठेवली.